ऑनलाइन चेसमध्ये रेटिंग अडकलंय? आधी हरलेले डाव उघडा

ऑनलाइन चेस खेळणाऱ्या हौशी माणसाला विचारा की बाबा तुझी स्टाइल काय, तर बहुतेक जण छाती फुगवून सांगतात "अटॅकिंग", उरलेले जरा गंभीर चेहरा करून "पोझिशनल", म्हणजे हळूहळू चांगल्या जागा पकडत खेळणारा. मग दोघांचे डाव उघडून बघा. दोघंही एकाच कारणाने हरलेले असतात, कुठल्यातरी विसाव्या-बाविसाव्या चालीला घोडा नाहीतर उंट फुकट दिलेला आणि पुढचा अर्धा डाव नुसता ओढत नेलेला. म्हणजे स्टाइल वगैरे असते, ती नसते असं नाही, पण आपण स्वतःबद्दल जे सांगतो त्यात ती सापडत नाही, आपण हरतो कसे त्यात सापडते. आणि ते एकदा नीट वाचता आलं की कुठलं ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, घ्यायचं, किती मिनिटांचा डाव खेळायचा, पझल, म्हणजे बरोबर चाल शोधायची कोडी, कुठल्या प्रकारची सोडवायची हे प्रश्न बऱ्यापैकी सुटतात. ज्यांचं रेटिंग ७०० ते १४०० च्या मध्ये कुठेतरी गोल गोल फिरतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, त्याच्या वरच्यांना यातलं बरंच माहीत असेल.

आधी रेटिंगचं भूत उतरवा

चेस डॉट कॉम आणि लिचेस या ऑनलाइन चेसच्या दोन साइट, त्यांच्यावरच्या रेटिंगची एकमेकांशी तुलना करू नका. लिचेस नवीन खेळाडूला १५०० वर सुरू करतं, त्यामुळे आपल्यासारख्यांचा तिथला आकडा सहसा जास्तच दिसतो, मग मित्र म्हणतो मी १४०० आणि तुम्ही म्हणता मी ११००, आणि प्रत्यक्षात दोघं सारखेच. दोन्हीकडे रेटिंग काढायची ग्लिको घराण्यातली पद्धत चालते, ज्यात तुमच्या आकड्याबरोबर "हा आकडा किती खात्रीचा आहे" हे पण मोजलं जातं. म्हणून नवीन अकाउंटला एका डावात शंभरेक पॉइंट वरखाली होतात, बरेच महिने न खेळता परत आलात तरी उड्या मोठ्या पडतात, आणि रोज खेळत असाल तर बरोबरीच्या माणसाशी जिंकून हरून पाच-दहाच पॉइंट हलतात. लिचेसवर रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह दिसलं तर समजायचं की अजून त्या साइटलाच खात्री नाहीये, तुम्ही कशाला टेन्शन घेताय.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्हाला बरोबरीचे प्रतिस्पर्धी मिळतात म्हणजे अर्धे डाव तुम्ही हरणारच, हे सिस्टीमचं कामच आहे. तुमच्यापेक्षा २०० पॉइंटने वरचा माणूस असेल तर गणिताप्रमाणे शंभरातले साधारण ७६ गुण त्याचे आणि २४ तुमचे. १०० ने वरचा असेल तर ६४ आणि ३६. म्हणजे वरच्याला कधीतरी हरवणं यात चमत्कार काही नाही आणि खालच्याकडून हरणं यात लाज पण नाही. आणि हे पण बघा, जिंकण्या-हरण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरली तरी सलग पाच डाव हरण्याची शक्यता ३२ मध्ये १ आहे, म्हणजे शंभरेक डाव खेळलात की अशी रांग एक-दोनदा येणारच, तुमचा गेम काही बिघडलेला नसतो. लोक नेमके त्या रांगेनंतर ओपनिंग बदलतात. अजिबात बदलू नका.

किती मिनिटांचा डाव

हा प्रश्न लोक फार हलक्यात घेतात. बुलेट म्हणजे एक-दोन मिनिटांचा डाव, ब्लिट्झ म्हणजे तीन-पाच मिनिटांचा, रॅपिड म्हणजे दहा आणि त्याच्या वर. शिकायचं असेल तर रॅपिड, आणि त्यातही शक्यतो १५ मिनिटं अधिक १० सेकंद असा इन्क्रिमेंटवाला. प्रत्येक चालीला १० सेकंद वाढून मिळतात म्हणजे शेवटी जिंकलेला डाव घड्याळावर हरायची पाळी येत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे एन्डगेम, म्हणजे थोडेच मोहरे उरलेला शेवटचा भाग, खरोखर खेळायला मिळतो. नुसत्या दहा मिनिटांच्या डावात एन्डगेम येईपर्यंत दोघांकडे चाळीस-चाळीस सेकंद उरलेले असतात आणि मग जो माउस फास्ट हलवतो तो जिंकतो, त्यातून काय शिकणार.

ब्लिट्झ वाईट नाही हो, ओपनिंगच्या पहिल्या आठ-दहा चाली हातात बसवायला ब्लिट्झसारखं काही नाही. पण ब्लिट्झमध्ये तुम्ही जे आधीच येतंय तेच खेळता, नवीन विचार करायला वेळच नसतो. म्हणजे चुकीच्या सवयी असतील तर त्याच पक्क्या होतात. दिवसातून एक तासच मिळत असेल तर एक रॅपिडचा डाव आणि उरलेला वेळ त्याच डावाचं पोस्टमॉर्टम, हे आठ-दहा ब्लिट्झपेक्षा कितीतरी भारी. मी तर म्हणेन बुलेट बंदच ठेवा काही महिने, पण ते कोणी ऐकत नाही हे माहीत आहे.

हरलेले डाव कसे वाचायचे

आता मुख्य काम. तुमचे शेवटचे वीस हरलेले रॅपिड डाव घ्या. फक्त हरलेलेच, कारण जिंकलेले डाव फसवतात, समोरच्याने वजीर फुकट दिला की आपण लगेच "काय खेळलो राव" म्हणतो.

एक डाव उघडा, इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, बंद ठेवा, आणि आधी स्वतः पुढे पुढे जात बघा की डाव नक्की कुठे हातातून गेला. हे आधी करायचं, म्हणजे करायचंच. कारण इंजिन चालू केलं की कोण पुढे आहे ते दाखवणाऱ्या बाजूच्या पट्टीकडे डोळे जातात, पट्टी खाली आली की "हां इथे चुकलं" म्हणून आपण पुढे, आणि का चुकलं हे डोक्यात शिरतच नाही. स्टॉकफिश नावाचं इंजिन सांगतं की या चालीने तुमचं नुकसान झालं, तुम्ही ती चाल का खेळलात हे त्याला माहीत नसतं, ते फक्त तुम्हाला माहीत असतं. म्हणून तिथे थांबून एक ओळ लिहा, वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये कुठेही, की त्या क्षणी माझ्या डोक्यात काय चाललं होतं. "त्याचा उंट दिसलाच नाही." "दिसला होता पण वाटलं तो मारणार नाही." "माझा हल्ला आधी पोचेल असं वाटलं." "कंटाळा आला म्हणून प्यादं पुढे ढकललं." "घड्याळ बघून घाबरलो." अशी साधी भाषा.

मग इंजिन लावा. लिचेसवर अ‍ॅनालिसिस फुकट आहे, आणि त्यात आपल्याच चुकांमधून शिकण्याचं एक बटण आहे, ते दाबलं की तुमच्याच डावातल्या चुकीच्या जागा तुमच्यापुढे पझलसारख्या येतात आणि बरोबर चाल शोधायला लावतात. हे फार उपयोगी आहे आणि लोक वापरतच नाहीत. चेस डॉट कॉम वरच्या रिव्ह्यूमध्ये ते अ‍ॅक्युरसीचे टक्के आणि "ब्रिलियंट"चे निळसर ठिपके मिळतात, छान वाटतं, पण अ‍ॅक्युरसीच्या टक्क्यांमागे लागू नका, सोपा डाव असला की ती आपोआप वर जाते आणि गुंतागुंतीचा डाव जिंकलात तरी खाली दिसते.

वीस डाव झाले की त्या वीस ओळी एकाखाली एक वाचा. इथे खरी मजा आहे. त्या ओळी वीस वेगवेगळ्या नसतात, घोळून घोळून तीन-चारच प्रकार निघतात. कोणाच्या वहीत "दिसलंच नाही" परत परत येतं, कोणाच्या "वाटलं माझं आधी होईल", कोणाच्या "काय खेळावं सुचेना". पहिल्याला पटाची पूर्ण रुंदी बघायची सवय नाहीये, लांब पल्ल्याचे उंट आणि हत्ती त्याला दिसत नाहीत. दुसरा स्वतःला अटॅकिंग प्लेअर म्हणवतो, पण समोरच्याची चाल काय करते हे तो बघतच नाही. तिसरा स्वतःला पोझिशनल म्हणवतो, मात्र त्याला प्लॅन बनवता येत नाही म्हणून तो वाट बघत बसतो आणि त्याला तो पेशन्स म्हणतो.

लिचेसवर प्रोफाइलमध्ये चेस इन्साइट्स म्हणून एक भाग आहे, तिथे तुमच्याच डावांची आकडेवारी हवी तशी कापून बघता येते. मला त्यातलं सगळ्यात बोलकं वाटतं ते वजीर कापले गेलेले डाव आणि न कापले गेलेले डाव यांचे रिझल्ट वेगवेगळे बघणं. ज्याला वजीर गेल्यावर जास्त जिंकता येतं तो तोंडाने काहीही म्हणो, तो अटॅकर नाहीये, त्याने अदलाबदल करून साध्या पोझिशनमध्ये यावं. ज्याचे वजीर गेले की रिझल्ट कोसळतात त्याने दोनपैकी एक करायचं, एन्डगेम शिकायचा किंवा वजीर राखून खेळायचं, आणि माझ्या मते पहिलंच करायचं. तिथेच ओपनिंग, मिडलगेम, एन्डगेम असं पण वेगळं बघता येतं आणि एका चालीला किती वेळ लावता ते पण.

वेळेचा तो ग्राफ एकदा बघाच. ठरलेला पॅटर्न असतो, पहिल्या सहा चालींना, ज्या पाठ आहेत, त्यांना उगाच दहा-दहा सेकंद लावलेले आणि ज्या चालीला डाव फिरला ती दोन सेकंदात खेळलेली. समोरच्याने पटकन मारलं म्हणून आपण पण पटकन परत मारलं, असं होतं ते. जिथे मारामारी सुरू होते तिथे थांबायचं, हात माउसवरून काढायचा अगदी.

एक पोझिशन जवळून बघू

स्टाइल म्हणजे काय हे एका उदाहरणावर दिसतं. (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी, आधी पांढऱ्याची चाल मग काळ्याची, मोहऱ्याचं नाव नसेल तर प्यादं.) ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, आणि इथे पांढरा घोडा जी५ वर आणतो. हे तुम्ही शंभरदा बघितलं असेल, घोडा आणि उंट दोघांचा नेम एफ७ च्या प्याद्यावर. काळा डी५ खेळून उंटाची वाट अडवतो, पांढरा प्याद्याने प्यादं मारतो. आता काळ्याने काय करायचं?

नवीन माणूस घोड्याने डी५ चं प्यादं परत मारतो, दिसायला बरोबर आहे, हिशोब पण बरोबर होतो. मग पांढरा घोडा थेट एफ७ वर टाकतो, काळ्या राजाला तो मारावा लागतो, वजीर एफ३ वर येऊन शह देतो आणि त्याच वेळी डी५ च्या घोड्यावर पण नजर ठेवतो, घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वर यावं लागतं, म्हणजे सातव्या चालीला काळा राजा पटाच्या मधोमध उभा. काळ्याकडे एक मोहरा जास्त आहे, पण असा डाव निभावणं आपल्या लेव्हलला महाकठीण.

जाणकार काय करतो तर प्यादं परत मारतच नाही, घोडा ए५ वर नेऊन उंटालाच हुसकावतो. उंट बी५ वरून शह देतो, काळा सी६, प्याद्याने प्यादं, बी च्या प्याद्याने परत मारलं, उंट मागे जातो. मोजून बघा, काळा एक प्यादं कमी आहे. पण त्याचे मोहरे भराभर बाहेर येतात, एच६ ने घोड्याला हाकलतो, ई४ ने परत एकदा हाकलतो, आणि पांढरा नुसता मागे मागे पळत असतो.

आता ही पोझिशन समोर ठेवून स्वतःला विचारा, एक प्यादं कमी आणि मोहरे मोकळे, यात मला बरं वाटतंय की पोटात गोळा येतोय? आणि उलट बाजूने, एक प्यादं जास्त पण थोडा वेळ मार खात बसायचं, हे मला जमेल का? दोन्ही उत्तरं चालतात. इंजिनला दोन्ही बाजू खेळण्याजोग्या वाटतात. पण तुमचं जे उत्तर येईल ती तुमची स्टाइल आहे, हौशी लेव्हलला याच्यापेक्षा जास्त काही स्टाइल नसते. मिखाइल ताल १९६० मध्ये बॉटविनिकला हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाला तो असली बलिदानं देऊन, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी त्याच बॉटविनिकला हरवून पेट्रोसियान चॅम्पियन झाला तो समोरच्याला काही करूच न देण्याच्या खेळाने. पण हे दोघंही समोरच्याची प्रत्येक धमकी बघत होते, फक्त त्यावर दोघांची उत्तरं वेगळी होती. आपण तालचे डाव बघून घोडे उधळतो आणि मधला हिशोब विसरतो.

ज्याला पोटात गोळा येतो त्याने काळ्याकडून ई४ ला सी६, म्हणजे कारो-कान खेळून बघावं, तिथे हा जी५ चा घोडा वगैरे भानगडच येत नाही.

ओपनिंग, पण मापात

ओपनिंगवर मी कमीच लिहिणार कारण लोक आधीच त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. पांढऱ्याने एक, काळ्याने ई४ ला एक आणि डी४ ला एक, झाले तीन. पांढऱ्याकडून मोकळा डाव आवडत असेल तर इटालियन, म्हणजे वरच्या उदाहरणासारखं ई४, घोडा एफ३, उंट सी४, आधी घर बांधून मग बघू असा स्वभाव असेल तर लंडन, म्हणजे डी४, उंट एफ४, ई३, घोडा एफ३, सी३ अशी रचना. लंडनचा एक धोका सांगतो, लोक समोरच्याकडे न बघता त्याच सहा चाली खेळत सुटतात. काळा सी५ खेळून वजीर बी६ वर आणतो, बी२ चं प्यादं लटकतं, आणि आपण मजेत घोडा डी२ वर. उंट बाहेर काढला म्हणजे बी२ उघडं पडलं, एवढं लक्षात ठेवा, वजीर बी३ वर नेऊन समोरासमोर उभं राहता येतं.

पंधरा चाली पाठ करू नका, तुमच्या रेटिंगचा समोरचा माणूस पाचव्या-सहाव्या चालीला पुस्तकाबाहेर जातोच. लिचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये रेटिंगचा फिल्टर लावता येतो, तिथे तुमच्या लेव्हलचे लोक खरोखर काय खेळतात ते बघा आणि तेवढ्याचीच तयारी करा. प्रत्येक डावानंतर फक्त एवढंच शोधायचं की मी माहितीच्या बाहेर पहिल्यांदा कुठे गेलो आणि तिथे काय खेळायला हवं होतं. एका डावाला एक चाल शिकली तरी काही महिन्यांत तयारी मजबूत होते.

आणि वजीर दुसऱ्याच चालीला एच५ वर आणणारे महाभाग अजून भेटत असतील तर चिडू नका. घोडा सी६ ने ई५ राखायचं, उंट सी४ वर आला की जी६ खेळून वजिराला हाकला, तो एफ३ वर गेला की घोडा एफ६. झालं, तुमचे मोहरे बाहेर आले आणि त्याचा वजीर फिरतोय.

टॅक्टिक्स: पझलचं रेटिंग वाढतं पण डावात दिसत नाही

ही तक्रार फार जणांची असते. कारण साधं आहे, पझल समोर आलं की तुम्हाला आधीच माहीत असतं की इथे काहीतरी आहे. डावात कोणी घंटा वाजवत नाही. त्यामुळे पझलमध्ये जे शोधतो ते डावात प्रत्येक चालीला शोधायची सवय लावावी लागते, आणि ती सवय दोन प्रश्नांची आहे. समोरच्याने चाल केली की पहिला प्रश्न, ही चाल काय करते आणि कशाला सोडते. म्हणजे त्याने घोडा हलवला तर घोडा आता कुठे मारतो हे आपण बघतो, पण आधी जिथे होता तिथून काय राखत होता हे बघत नाही, आणि घोड्यामागे जो उंट लपला होता त्याची लाइन उघडली हे तर नाहीच नाही. दुसरा प्रश्न आपली चाल खेळायच्या आधी, मी हे खेळलो तर त्याच्याकडे शह कुठला, मार कुठली, धमकी कुठली, या क्रमाने. पाच सेकंद लागतात. १००० च्या आसपासचे बहुतेक ब्लंडर, म्हणजे मोठ्या चुका, इथेच पकडले जातात.

पझल सोडवताना मात्र घाई नको. पूर्ण लाइन डोक्यात दिसेपर्यंत पहिली चाल करायची नाही, "करून बघू" म्हणून केलेली चाल डावात पण करून बघू अशीच पडते. लिचेसवर थीमनुसार पझल मिळतात, फोर्क (एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला), पिन (हलला तर मागचा मोठा मोहरा उघडा पडतो), स्क्यूअर (पुढचा मोठा मोहरा हलला की मागचा मारला जातो), डिस्कव्हर्ड अटॅक (एक मोहरा हलला की मागच्याचा हल्ला उघडतो), बॅक रँक मेट (शेवटच्या रांगेत मात) असं वेगवेगळं, आणि डॅशबोर्डवर तुम्ही कशात कच्चे आहात ते दिसतं. वहीत ज्यांची "दिसलंच नाही" ची रांग आहे त्यांनी पिन आणि डिस्कव्हर्ड अटॅक घ्यावेत. "माझं आधी होईल" वाल्यांनी डिफेन्सची थीम घ्यावी, आहे ती, कोणी उघडत नाही.

शिवाय पटावर ज्या मोहऱ्याला कोणी राखत नाहीये त्यावर नजर ठेवा, तुमच्याही आणि त्याच्याही. बहुतेक फोर्क अशाच उघड्या मोहऱ्यांवर बसतात. आणि कॅसल (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) केल्यावर कधीतरी सवड मिळाली की एच३ ने राजाला एक खिडकी ठेवा, शेवटच्या रांगेत हत्तीने मात खाऊन जिंकलेला डाव घालवणं फार जीवाला लागतं.

एन्डगेम, थोडाच पण पक्का

तीन गोष्टी डोळे मिटून यायला हव्यात. राजा-वजीर विरुद्ध राजा, राजा-हत्ती विरुद्ध राजा, आणि राजा-प्यादं विरुद्ध राजा.

वजिराचं लोकांना सोपं वाटतं आणि तिथेच स्टेलमेट होतं, म्हणजे शह नसतो पण समोरच्याला चालही उरत नाही. काळा राजा ए८ च्या कोपऱ्यात आणि तुमचा वजीर बी६ वर गेला की संपलं, ए७, बी७, बी८ तिन्ही घरं बंद, शह नाही, डाव बरोबरीत. त्याऐवजी राजा कोपऱ्यात गेला की वजीर डी७ वर ठेवून द्या. सातवी रांग बंद, सी८ बंद, बिचारा राजा ए८ बी८ ए८ बी८ करत राहतो. वजिराला आता हात लावायचा नाही. तुमचा राजा शांतपणे चालत सी६ ला आणा आणि वजीर बी७ वर, मात. शह देत पळवत बसायची काही गरज नसते, एकही शह न देता इथपर्यंत येता येतं.

प्याद्याच्या एन्डगेममध्ये एक नियम पक्का करा, राजा प्याद्याच्या पुढे. तुमचं प्यादं ई५ वर, तुमचा राजा ई६ वर आणि काळा राजा ई८ वर असेल तर चाल कोणाचीही असो, तुम्ही जिंकता. फक्त कडेचं प्यादं सोडून, ए किंवा एच च्या लाइनचं असेल तर तो राजा कोपऱ्यात शिरून बरोबरी करतो. लोक करतात काय, प्यादं पुढे पळवतात आणि राजा मागे मागे. हत्तीच्या एन्डगेमसाठी लुसेना आणि फिलिडोर या दोन पोझिशन नंतर कधीतरी बघा, १२०० च्या पुढे गेल्यावर.

डोकं गरम झालं की

सलग दोन हरलात की उठायचं, हा नियम आधीच ठरवून ठेवा, हरल्यावर ठरवता येत नाही. तिसरा डाव आपण जिंकायला खेळत नसतो, ते गेलेले पॉइंट वसूल करायला खेळतो, आणि चाली तशाच पडतात. चॅटमध्ये कोणी काही लिहीत असेल तर चॅट बंद करा, सेटिंगमध्ये सोय आहे. समोरचा इंजिन वापरतोय असं वाटलं तर रिपोर्ट करा आणि विसरून जा. दर दुसऱ्या माणसावर संशय यायला लागला तर मात्र आपणच ब्रेक घ्यायची वेळ झालीये.

राहता राहिलं रिझाईन, म्हणजे हार मानून डाव सोडणं. १२०० च्या खाली रिझाईन करूच नका. वजीर गेला तरी खेळा, समोरचा पण आपल्याच वर्गातला आहे, तो पण ए८ च्या राजासमोर वजीर बी६ वर ठेवू शकतो. शिवाय त्याचं घड्याळ संपलं आणि तुमच्याकडे एक प्यादं जरी उरलं असेल तर डाव तुमचा, नुसता राजा उरला असेल तर बरोबरी. आणि अशा हरत आलेल्या पोझिशनमध्ये त्याला सगळ्यात जास्त त्रास होईल अशी चाल शोधायची, साधी अदलाबदल टाळायची, मोहरे पटावर ठेवायचे, त्याचा राजा उघडा असेल तर त्याच्या आसपास घुटमळत राहायचं. असे वाचवलेले डाव पण वहीत लिहा, हरलेल्यांच्या मागच्या पानावर.